दृष्ट, नशीब की खांदा? मार्क फिड्रिचच्या एका मोसमाचं प्रकरण

१९, ६, २, ०, २.

मार्क फिड्रिच नावाच्या बेसबॉलपटूनं १९७६ ते १९८० या पाच वर्षांत मिळवलेले हे विजय. पुढचे रकाने रिकामेच आहेत. डेट्रॉइट टायगर्सचा हा पिचर एकविसाव्या वर्षी अख्ख्या अमेरिकेला वेड लावून गेला आणि सव्विसाव्या वर्षी मेजर लीगमधून, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या पातळीवरून, कायमचा बाहेर पडला.

अशा खेळाडूंबद्दल काय बोलायचं ते लोकांचं आधीच ठरलेलं असतं. आपण म्हणतो, नव्याचे नऊ दिवस. अमेरिकेत त्याला दुसऱ्या वर्षाचा शाप म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत दृष्ट लागली. व्यवहारी माणसं म्हणतात, डोक्यात हवा गेली. आकडे वाचणारी म्हणतात, पहिल्या वर्षी नशीब जोरावर होतं, ते संपलं. फिड्रिचच्या बाबतीत हे सगळं बोलून झालेलं आहे. त्यातलं नशिबाचं उत्तर मला अर्धं पटतं. बाकीची पटत नाहीत. खरं उत्तर त्याच्या उजव्या खांद्यात होतं, आणि ते बाहेर यायला १९८५ साल उजाडलं. तोवर तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं आधी सांगून टाकतो. पिचर म्हणजे बोलर, पण त्याला षटकागणिक विश्रांती नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर उभं राहून तो एकटाच चेंडू टाकत राहतो. सामना नऊ इनिंगचा, एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी. सुरुवात करणारा पिचर दमला की दुसरा येतो. पिचर किती चांगला हे बघायचं तर नऊ इनिंगमागे त्यानं सरासरी किती धावा दिल्या (फिल्डरच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून) हे बघायचं. आकडा जितका लहान तितका पिचर मोठा. तीनच्या खाली असलेला पिचर कुठल्याही संघाला हवाच असतो.

गावचं पोरगं

फिड्रिच मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थबरोचा. १९७४ मध्ये टायगर्सनं त्याला दहाव्या फेरीत निवडलं, म्हणजे फार कुणाची अपेक्षा नव्हती. उंच, सडपातळ, डोक्यावर सोनेरी कुरळ्या केसांचं टोपलं. खालच्या लीगमधल्या एका प्रशिक्षकाला त्याच्याकडे बघून लहान मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट' कार्यक्रमातला मोठा पिवळा पक्षी आठवला आणि 'द बर्ड' हे नाव कायमचं चिकटलं.

१९७५ चे टायगर्स म्हणजे हसं होतं. ५७ सामने जिंकले, १०२ हरले, त्यातले १९ तर सलग. अशा संघात १९७६ च्या वसंतात हा पोरगा सराव शिबिराला आला तो संघाच्या मुख्य यादीत नाव नसताना. शिबिराच्या शेवटी जागा मिळाली. वर्षाचा पगार साडेसोळा हजार डॉलर. पहिले महिनाभर तो जवळजवळ बाकावरच होता. पहिल्यांदा उतरला तेव्हा एकाच बॅटरला चेंडू टाकला, त्यानं हिट मारली, म्हणजे चेंडू मारून तो सुखरूप बेसवर, धावेच्या टप्प्यावर पोचला, आणि डेट्रॉइट हरलं. इतकीच त्याची सलामी.

१५ मे रोजी ठरलेला पिचर ज्यो कोलमन फ्लूनं आडवा झाला आणि क्लीव्हलँडविरुद्ध सुरुवात करायला फिड्रिचला पाठवलं. सहा इनिंगपर्यंत समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नाही. शेवटी दोन हिट देऊन त्यानं सामना २-१ असा जिंकला. क्रिकेटमध्ये कुणी पोटदुखीनं बसला म्हणून बदली आलेल्यानं सात बळी घ्यावेत, तसं.

पण लोकांना वेड लावलं ते या आकड्यांनी नाही. इनिंग सुरू होण्याआधी हा बाबा माउंडवर गुडघे टेकून बसायचा आणि आधीच्या पिचरच्या बुटांनी पडलेले खड्डे हातानं माती सारून बुजवायचा, अंगण सारवावं तसं. चेंडू टाकायच्या आधी तो पुढे धरून काहीतरी पुटपुटायचा. लोक म्हणायचे, चेंडूशी बोलतो. कुणी फिल्डरनं चांगला झेल घेतला की जागा सोडून त्याच्याकडे जाऊन हस्तांदोलन करायचा. ज्या चेंडूवर हिट गेली तो चेंडू अंपायरला परत द्यायचा. त्या चेंडूत अजून हिट शिल्लक आहेत, तो पिशवीत इतर चेंडूंबरोबर राहू दे, म्हणजे शहाणा होईल, असं त्याचं तत्त्वज्ञान. हे नाटक असतं तर दोन आठवड्यांत कंटाळा आला असता. ज्यांनी जवळून पाहिलं त्यांचं म्हणणं एकच, हा मुळातच असा आहे.

२८ जून १९७६. सोमवारी रात्री देशभर टीव्हीवर दाखवला जाणारा सामना, समोर त्या वर्षी लीग जिंकायला निघालेले न्यूयॉर्क यांकीज. मैदानात ४७,८५५ लोक. एक तास एकावन्न मिनिटांत सामना संपला, ५-१. (बेसबॉलचा सामना तेव्हाही अडीच तास चालायचा. हा पोरगा वेळ घालवतच नसे.) सामना संपला तरी लोक उठेनात, 'आम्हाला बर्ड हवा' असा घोष सुरू. शेवटी त्याला ड्रेसिंग रूममधून पुन्हा बाहेर आणावं लागलं. खेळाडूनं सामन्यानंतर नाटकातल्या नटासारखं पुन्हा पडद्यापुढे यायचं, ही गोष्ट तेव्हाच्या बेसबॉलमध्ये क्वचितच घडायची.

पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियात ऑल-स्टार, म्हणजे दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याची सुरुवात त्यानं केली. पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा दिल्या आणि तो सामना त्याच्या संघानं गमावला. तरी कुणाचं काही बिघडलं नाही.

मोसम संपला तेव्हा हिशेब असा: १९ विजय, ९ पराभव. नऊ इनिंगमागे २.३४ धावा, मेजर लीगमध्ये सर्वांत कमी. २९ सामन्यांची सुरुवात केली, त्यातले २४ स्वतःच शेवटपर्यंत नेले. २५० इनिंग. वर्षातला उत्कृष्ट नवोदित तोच. उत्कृष्ट पिचरच्या मतदानात जिम पामरच्या मागे दुसरा. संघ मात्र ७४ जिंकून ८७ हरला. आदल्या वर्षी साडेदहा लाखांवर असलेली डेट्रॉइटची प्रेक्षकसंख्या साडेचौदा लाखांच्या पुढे गेली. घरच्या मैदानावर त्यानं सुरू केलेल्या १८ सामन्यांना सहा लाखांच्या आसपास माणूस आला. मिशिगनमधल्या एका लोकप्रतिनिधीनं तर याचा पगार वाढवा म्हणून ठरावच मांडला.

गुडघा, मग हात

मार्च १९७७, फ्लोरिडातल्या लेकलँडचं सराव शिबिर. फिड्रिच आउटफिल्डमध्ये उंच उडालेले झेल घेत होता. पिचरनं ते करायची काही गरज नसते. सहकारी रस्टी स्टॉबनं त्याला सांभाळून घ्यायला सांगितलं होतं. त्यानं उडी मारली, खाली आला आणि डाव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. महिनाअखेरीस शस्त्रक्रिया झाली. २७ मे रोजी तो पुन्हा माउंडवर होता. मध्ये जेमतेम दोन महिने.

त्याच काळात 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. तिथे झळकलेला पहिला बेसबॉलपटू. जूनमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर त्या पिवळ्या पक्ष्याबरोबर त्याचा फोटो आला. या मासिकाच्या मुखपृष्ठावर जो येतो त्याचं वाटोळं होतं, असा अमेरिकेत जुना समज आहे. महिना उलटत नाही तोच ४ जुलैला बॉल्टिमोरमध्ये चेंडू टाकता टाकता त्याचा हात, त्याच्याच शब्दांत, मेला. कळ नाही, आवाज नाही, फक्त जोर गेला. १२ जुलैला आणखी एकदा प्रयत्न केला. त्यानंतर तो मोसम संपलाच.

दृष्टीवर विश्वास असणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. १९७८ च्या सलामीचा सामना त्यानं जिंकला, एकूण तीनच सामने खेळला, हात पुन्हा गेला. १९७९ मध्ये चार सामने, नऊ इनिंगमागे १०.४३ धावा. १९८० मध्ये नऊ सामने, दोन विजय. शेवटचा १ ऑक्टोबरला टोरांटोत. १९८१ पूर्ण खालच्या लीगमध्ये गेलं आणि मोसम संपल्यावर टायगर्सनं त्याला मोकळं केलं. घराजवळच्या बॉस्टन रेड सॉक्सनं पॉटकेटमधल्या आपल्या दुय्यम संघात घेतलं. १९८२ च्या १ जुलैला तिथल्या छोट्या मैदानात नऊ हजारांवर लोक त्याला बघायला आले. समोर डेव्ह रिगेटी होता, आदल्याच वर्षीचा उत्कृष्ट नवोदित, पण सूर हरवल्यामुळे यांकीजनं खाली पाठवलेला. फिड्रिच जिंकला. रिगेटी मात्र परत वर गेला, वर्षभरातच एकही हिट न देता अख्खा सामना जिंकला आणि पुढे बरीच वर्षं खेळला. फिड्रिचनं जून १९८३ मध्ये खेळ सोडला.

नशिबाचा हिशेब

आता आकडेवाल्यांचं म्हणणं नीट ऐकू. ते वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही.

फिड्रिच बॅटरना चकवून बाद करणारा पिचर नव्हता. १९७६ मध्ये त्याचे स्ट्राइकआउट फक्त ९७, म्हणजे नऊ इनिंगमागे साडेतीन. लीगची सरासरी याहून वर होती. तो चेंडू खाली ठेवायचा, बॅटर तो जमिनीवर मारायचे, बाकीचं काम फिल्डर करायचे. हस्तांदोलनाचा खरा अर्थ इथे आहे. तो उगाच हात मिळवत नव्हता, त्याची भाकरी खरोखरच त्या हातांवर होती.

अडचण अशी, की बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू फिल्डरच्या हातात जाईल की दोघांच्या मधून निघून जाईल, यावर पिचरचा ताबा थोडाच असतो. त्या काळी अशा चेंडूंतून साधारण २८ टक्क्यांच्या आसपास हिट व्हायच्या. फिड्रिचच्या बाबतीत १९७६ मध्ये ते प्रमाण चतुर्थांशावर होतं. आठशेच्या वर असे चेंडू मैदानात पडले. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे पंचवीसेक हिट. त्या पंचवीस हिट त्याच्या खात्यात घातल्या, तर माझ्या ढोबळ हिशेबानं २.३४ चे तीनच्या आसपास होतात.

दुसरं, ऑल-स्टार सामन्यापर्यंत त्याचा आकडा १.७८ होता, ९ विजय आणि २ पराभव. मोसमाअखेर २.३४. म्हणजे उरलेल्या अर्ध्यात तो बराच जास्त धावा देत होता आणि विजय १०, पराभव ७ झाले होते. शाप दुसऱ्या वर्षी लागत नाही, तो जुलैतच लागायला सुरुवात झालेली असते. आणि तो शापही नसतो. फार वर गेलेला आकडा पुढच्या खेपेला थोडा खाली येतो, कारण वर जाताना कौशल्याबरोबर योगायोगही त्याला ढकलत असतो आणि योगायोग दर वेळी हजर राहत नाही.

याची शुद्ध उदाहरणं बेसबॉलमध्ये आहेत. ब्रेडी अँडरसननं १९९५ मध्ये १६ होम रन (बेसबॉलमधले षटकारच) मारले, १९९६ मध्ये ५० आणि १९९७ मध्ये १८. टायगर्सचाच नॉर्म कॅश १९६१ मध्ये .३६१ च्या सरासरीनं, म्हणजे फलंदाजीच्या हजार संधींमागे ३६१ हिट, बॅटर्समध्ये पहिला आला, पुढच्या वर्षी .२४३. (त्या वर्षी आपण बॅट पोखरून आत बूच भरल्याचं त्यानं नंतर कबूल केलं, पण १९६२ मध्ये त्यानं ते सोडलं की नाही हे त्यालाच ठाऊक.) हे दोघेही पुढे अनेक वर्षं उत्तम खेळले. नेहमीच्या पातळीवर परत आले, बस. आपल्याकडचा नरेंद्र हिरवाणी आठवा. जानेवारी १९८८ मध्ये चेन्नईत पदार्पणातच १६ बळी, पहिल्या चार कसोटींत ३६, आणि उरलेल्या तेरा कसोटींत ३०.

मला इथे एक गोष्ट खटकते. 'एका मोसमाचा खेळाडू' अशी यादी करतो तेव्हा आपण आधी शिखर शोधतो आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंना दरी आहे का बघतो. ज्याच्या दोन्ही बाजूंना दरी नाही तो यादीत येतच नाही. मग यादी वाचून म्हणतो, बघा, शिखरानंतर माणूस पडतोच.

असो. आकडेवाल्यांचं म्हणणं मान्य केलं तर फिड्रिच दुसऱ्या वर्षी कुठे यायला हवा होता? तीनच्या आसपास. आणि १९७७ मध्ये तो कुठे होता?

२.८९.

या एका आकड्याकडे फार लोकांचं लक्ष जात नाही, कारण विजयांच्या रकान्यात ६ दिसतात आणि वाटतं, कोसळला. पण ते ६ विजय ११ सामन्यांतले आहेत आणि त्या अकरांत हात गेल्यानंतरचे सामनेही आहेत. अकरांपैकी सात त्यानं शेवटपर्यंत नेले. ८१ इनिंगमध्ये ४२ स्ट्राइकआउट, म्हणजे नऊमागे साडेतीनाचे साडेचाराच्या पुढे गेलेले. आणि बॅटरला फुकट पहिल्या बेसवर जाऊ देणं, ज्याला वॉक म्हणतात, ते फक्त १२. आदल्या वर्षापेक्षा त्याचंही प्रमाण कमी. ८१ इनिंग म्हणजे फार मोठा पुरावा नाही, हे कबूल. पण जेवढा आहे तेवढा सांगतो, की हा पोरगा पहिल्या वर्षीच्या नशिबावर जगत नव्हता. तो सुधारत होता. डोक्यात हवा गेलेला माणूस गुडघ्याची शस्त्रक्रिया करून दोन महिन्यांत येऊन असे चेंडू टाकत नाही.

म्हणजे नशिबानं २.३४ चे २.८९ झाले, इतकंच. २.८९ चे १०.४३ कशानं झाले हा वेगळा प्रश्न आहे आणि दोन्हींचं उत्तर एकच समजणं ही या प्रकरणातली मूळ चूक.

खांदा

फिड्रिच उजव्या हाताचा. उजव्या हाताचा पिचर चेंडू सोडताना डाव्या पायावर पुढे पडतो. सगळ्या अंगाचा वेग त्या पायावर थांबतो आणि थांबताना तो कमरेतून, पाठीतून वर जाऊन हातात उतरतो. गोफण फिरवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. हात फक्त शेवटचं टोक असतं. पुढचा पाय नीट रोवला नाही, दुखऱ्या गुडघ्याला जपत अर्धवट टेकला, तर तेवढाच वेग काढायचं काम एकट्या खांद्यावर येतं. खेळाडूला ते कळतही नाही. चेंडू नेहमीसारखा जात असतो, फक्त त्याची किंमत दुसरा कुणी भरत असतो.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत ठेवलेला गोळा. तो वाटीत धरून ठेवतात ते चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा, ज्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. चेंडू सुटल्यानंतर सुसाट निघालेल्या हाताला लगाम घालायचं कामही मुख्यतः त्यांचंच. चेंडू टाकताना जितका ताण, त्याहून चेंडू गेल्यावर हात आवरताना त्यांची जास्त झीज. फिड्रिचच्या खांद्यात नेमकं तेच फाटलेलं होतं. १९८५ मध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी तपासलं तेव्हा ते सापडलं. १९७७ ते १९८५, आठ वर्षं. त्यातली सहा वर्षं तो त्याच फाटक्या खांद्यानं चेंडू टाकत होता, थांबत होता, पुन्हा टाकत होता.

डॉक्टरांवर राग काढणं सोपं आहे. पण एमआरआय यंत्रं रुग्णालयांत पोचली ती ऐंशीच्या दशकात. खांद्यात दुर्बीण घालून बघणंही तेव्हा बाल्यावस्थेत होतं. गंमत अशी, की फिड्रिचच्या त्या सोनेरी वर्षीच, १९७६ मध्ये, लॉस एंजेलिसचा टॉमी जॉन कोपराच्या नव्या शस्त्रक्रियेनंतर परत येऊन खेळत होता आणि तोवर असाध्य मानलेलं दुखणं साध्य झालं होतं. कोपराला तोड सापडली होती. खांद्याला नव्हती, आणि आजही खांदा हा कोपरापेक्षा अवघड जागीचं दुखणं आहे. शिवाय जे चित्रात दिसत नाही ते मनात असेल, असं म्हणायचा मोह कुठल्याही काळात होतोच, आणि चेंडूशी बोलणाऱ्या माणसाबद्दल तर फारच.

डॉक्टरांना कारण सापडलं नाही हे एक वेळ समजू शकतो. पण दोन गोष्टी आधीच माहीत होत्या.

पहिली चाळीस वर्षं जुनी. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात सेंट लुइसच्या डिझी डीनच्या पायावर बॅटरनं मारलेला चेंडू आदळून बोट मोडलं. तीन वर्षांपूर्वी एका मोसमात ३० सामने जिंकलेला हा माणूस, बोट पुरतं भरायच्या आत माउंडवर आला, दुखऱ्या पायाला जपत चेंडू टाकू लागला आणि हात घालवून बसला. पाय दुखत असेल तर पिचरचा हात जातो, हे बेसबॉलमधल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट होती. तरी २७ मे ही तारीख ठरली. घाई व्यवस्थापक राल्फ हूक यांची होती, क्लबच्या तिकीट खिडकीची होती की फिड्रिचचीच? मला वाटतं सगळ्यांची. त्याला बसवून ठेवणं सोपं नव्हतं, मान्य. ज्याच्या घरच्या सामन्याला सरासरी तीस हजारांवर माणूस येतो त्याला आणखी दोन महिने बसवणं क्लबला तर त्याहून अवघड. पण बावीस वर्षांच्या पोराला 'मी तयार आहे' म्हणण्याची मुभा असते. 'नाही, तू तयार नाहीस' म्हणण्यासाठी वडीलधारी माणसं असतात.

दुसरी गोष्ट कामाच्या ओझ्याची. १५ मे पासून मोसमाअखेरपर्यंत साडेचार महिन्यांत २९ सामने, सामन्यागणिक सरासरी साडेआठ इनिंगच्या वर. नऊमध्ये निकाल लागला नाही तर पुढेही तोच. ३१ मे रोजी मिलवॉकीविरुद्ध अकरा इनिंग आणि पाचच दिवसांनी टेक्ससविरुद्ध पुन्हा अकरा. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या काळी हे कौतुकाचं मानलं जाई, आणि टाकलेल्या चेंडूंची मोजदाद करायची पद्धत रुळलेली नव्हती. आज मेजर लीगमध्ये २५० इनिंग कुणीच टाकत नाही. शेवटचा आकडा २०११ चा, २५१, आणि तोही डेट्रॉइटच्याच जस्टिन व्हरलँडरचा. शेवटपर्यंत नेलेले सामने तर आता लीगमधले सगळे पिचर मिळूनही मोसमात तीसेकच होतात. फिड्रिचनं एकट्यानं २४ नेले होते.

मात्र हूक यांनी त्याला पिळून काढलं म्हणूनच खांदा गेला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पामरनं त्याच वर्षी ३१५ इनिंग टाकल्या आणि तो पुढे कितीतरी वर्षं टिकला. कुणाचा खांदा किती सोसेल ते आधी सांगता येत नाही. पण ओझ्यानं थकलेला खांदा, त्यावर अर्धवट बरा झालेला गुडघा आणि त्यावर घाई, हा क्रम मला दृष्टीपेक्षा आणि नशिबापेक्षा जास्त पटतो. आणि या तिन्हींतली एकच गोष्ट माणसांच्या हातात होती, ती म्हणजे मे महिन्यातली ती तारीख.

याच जातीचं एक छोटं प्रकरण क्लीव्हलँडचं. ज्यो शार्बनो, १९८० चा उत्कृष्ट नवोदित, २३ होम रन. पुढच्या वसंतात बेसकडे तोंडघशी झेपावताना पाठ दुखावली, १९८१ मध्ये ४८ सामने आणि .२१० ची सरासरी, १९८२ मध्ये २२ सामने आणि खेळ खलास. त्यालाही लोक एका मोसमाचाच म्हणतात. पाठीचं कुणी बोलत नाही.

नंतर

फिड्रिच नॉर्थबरोला परतला. बेसबॉलच्या पैशातून शेतजमीन घेतली होती, दहा चाकी डंपर घेतला, खडी-मातीची वाहतूक करू लागला. ऐन भरात असतानाही तो सांगायचा, की बेसबॉल नसतं तर मी गावातल्या पेट्रोल पंपावर असतो, आणि ते बोलणं खरंच होतं हे नंतर दिसलं. लोक विचारायचे, तेव्हा आपल्याला मिळालं त्याबद्दल बोलायचा. जे हुकलं त्याचा हिशेब बाकीच्यांनीच केला, मीही आत्ता तेच केलं.

१३ एप्रिल २००९ रोजी तो आपल्या शेतावर त्या डंपरखाली काम करत असताना कपडे फिरत्या दांड्यात अडकले आणि तो गेला. वय ५४.

त्या जूनमध्ये डेट्रॉइटच्या नव्या मैदानावर त्याच्या पत्नीला आणि मुलीला पहिला चेंडू टाकायला बोलावलं होतं. जुनं मैदान, जिथे सहा लाख लोक त्याला बघायला आले होते, ते तोवर पाडायला घेतलं होतं. दोघी माउंडवर गेल्या आणि चेंडू हातात घेण्याआधी गुडघे टेकून हातानं माती सारखी करू लागल्या.